तिसरी नळी

लेबलावर पुन्हा तेच नाव :
परब बाबली धोंडू, वय सेहेचाळीस, भोसरी.
आधी मांडी.
मग कंबरेच्या आत, मणक्याला बिलगून उतरणारा तो लांब स्नायू,
जिथे बोट पोचत नाही.
आता कुल्ला.
दर वेळी चिरलं, धुतलं, टाके घातले,
दर वेळी पाय आखडून तो परत आला.

रास्ता पेठेत, जिन्याखाली माझी लॅब.
मी माणूस बघत नाही, पू बघते.
पिठल्याइतका दाट.
(घरी पिठलं करणं मी कधीच सोडलंय.)

वरून चिठ्ठी आली : टीबीच असणार, औषधं सुरू करतो.
मी फोन केला : चार दिवस द्या.
पहिला दिवस कोरा.
दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके.
चौथ्या दिवशी ठिपक्यांना सुरकुत्या,
उन्हात घातलेल्या आमसुलांसारख्या.
भिंगाखाली टोकं रंगलेली, मध्य रिकामा,
कुणी सेफ्टी पिना सांडाव्यात तसं.

जुनं रजिस्टर काढलं.
दोन्ही वेळा हाच उगवला होता.
दोन्ही वेळा शेरा : 'बाहेरून मिसळलेला, महत्त्व नाही.'
खाली सही.
माझी.

मग मी जिना चढले.
गाव?
कुडाळच्या पुढे.
शेत?
भाताचं. लावणीला जातोच की, पंधरा दिवस रजा टाकून.
अनवाणी?
तो हसला, सलाइनचा हात सांभाळत :
चिखलात चप्पल घालून कोण उतरतं, मॅडम?
साखर तीनशे बारा.
ती त्याला ठाऊक होती. आम्ही विचारली नव्हती.

मातीतला जंतू मातीसारखाच, दबून राहतो.
म्हणून नळी पू आटेपर्यंत,
म्हणून शिरेतून औषध, आठ-आठ तासांनी, सहा आठवडे,
मग गोळ्या, बरं वाटलं तरी गोळ्या,
दिवाळी गेली तरी गोळ्या.
त्याची बायको रंजना भिंतीवरच्या तारखा खोडत राहिली.
मी तो शेरा खोडला नाही.
शेजारी तारीख घालून खरं नाव लिहिलं,
लांबलचक, वाचता येईल अशा अक्षरात.

जूनमध्ये त्याचा फोन.
मॅडम, लावणीला जाऊ?
गमबूट घालून, म्हटलं. आणि साखर तपासून.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
गमबुटात पायाला रोप कळत नाही, म्हणाला.
बांधावर बसून बघेन मग.

बसूही नका फार, म्हटलं.
कुल्ला अजून कच्चा आहे.