आउरोराचं मागचं दार

झेमहरेत टेप घेऊन आली तेव्हा
चौदाव्या रांगेत मी एका खुर्चीचं पोट फाडत होतो.
आतून निघाले घोड्याचे केस, अजून चिवट,
शेंगदाण्याची टरफलं, एक लिरा, एक शिलिंग,
सम्राटाचं तोंड असलेलं तांब्याचं नाणं.
अस्मारात कुठल्या राजवटीत कोण टेकलं होतं
ते खुर्चीला विचारा. कागद जळतात,
खुर्ची गिळून बसते.

पोरगी बावीस वर्षांची. फरशीवर मांडी घालून लिहिते:
पडदा, अकरा मीटर चाळीस.
भिंतीवर प्लास्टरची हरणं नऊ, पैकी दोन बिनशिंगांची.
घुमटाला तडे सात. पाकोळ्यांचं घरटं एक.
घरटं कशाला लिहितेस? विचारलं.
आहे म्हणून, म्हणाली.
तिथेच ती मला आवडली.

समोरची पाच दारं पितळेची.
हमरस्त्यावर उघडतात, खजुरींच्या रांगेसमोर,
पोस्टकार्डांवर तीच असतात.
माझा बाप ती लिंबू लावून घासायचा, रोज पहाटे,
पण त्यातून आत गेला नाही.
त्याचं दार मागे, गल्लीत, कचऱ्याच्या पिंपांशेजारी.
आमच्या लोकांना तेवढंच.
झाडू घेऊन शिरायचं, दिवे गेले की
पडद्यामागच्या अंधारात उभं राहायचं, खोकला दाबून.

म्हणून बापाने सगळे सिनेमे उलटे पाहिले.
नट डाव्या हाताने सलाम ठोकायचे,
डाव्या हाताने पिस्तूल झाडायचे,
नवरीची अंगठी भलत्याच हातात चढायची,
अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायची.
रात्री एका ताटात इंजेरा मोडताना तो सांगायचा,
सिनेमातली माणसं सगळी डावखुरी असतात रे.

मग ते गेले. दुसरे आले. बंदी उठली,
बापाचे पाय मात्र गल्लीकडेच वळायचे.
तिसरे आले ते संचारबंदी घेऊन:
सहाचा खेळ चारला, पुढे चारचाही नाही.
आणि मे महिन्यातल्या एका सकाळी
प्लॅस्टिकच्या चपला घातलेली आमचीच पोरं-पोरी
डोंगरातून उतरली, दोन रात्री इथेच झोपली,
बंदुका मांडीवर. मखमलीला एक भोक पडलं नाही.

त्या वर्षी मी बापाला पितळी दारातून आणलं.
दंड धरून, जवळजवळ ओढत.
तिसऱ्या रांगेत बसवलं. टोपी काढेना.
दहा मिनिटांनी माझ्या कानाशी लागला:
रीळ उलटं लावलंय, जा, सांग त्यांना.

आता नकाशा आलाय, लांबच्या देशातल्या पैशांबरोबर.
पितळी दारं, हरणं, घुमट: निळ्या रेघेत, जपायचं.
मागच्या दारावर लाल फुली.
बुजवणे. तिथे पाण्याची टाकी.
मी काही बोललो नाही.
भाषण करणं हे खुर्च्या शिवणाऱ्याचं काम नव्हे.
म्हटलं, चल, जरा वारा खाऊन येऊ.

पडद्यामागून नेलं तिला, धुळीतून,
दार ढकललं. ती उंच, शाळेत बास्केटबॉल खेळलेली.
चौकट कपाळात बसली, ठण्णकन.
मी सवयीने वाकलो होतो.
खरं तर आता वाकायची गरज नाही,
चार बोटं उंची म्हातारपणाने कधीच कापून नेलीय.

पायरीवर बसून तिने टेंगूळ चोळलं.
शेजारच्या कॉफीवालीने बर्फ दिला, वर दोन शिव्या दाराला.
मग उठून टेप लावली: एक मीटर छप्पन्न.
निळी पेन्सिल आहे का, म्हणाली.
माझ्या खिशात शिंप्याचा खडू होता, निळाच. तो घेतला.

फुलीवर तिने काय केलं ते मला दिसलं नाही.
चष्मा आत राहिला होता, चौदाव्या रांगेत,
फाडलेल्या खुर्चीवर,
आणि अजून दोनशे अकरा बाकी आहेत.