तांबडी रेघ

अर्जाचा नमुना चार पानी.
तिसऱ्या पानावर एक रकाना:
आजूबाजूच्या स्रोतांवर होणारा परिणाम.
पुढं बोटभर मोकळी जागा.
बहुतेक जण तिथं 'नाही' लिहितात,
जागेत तेवढंच बसतं.

पिंपळदऱ्याला गेले ते मार्च संपता संपता,
सिन्नरच्या पुढं, जिथं एसटीही जरा विचार करून वळते.
ओढ्याकाठी ग्रामपंचायतीची नवी विहीर:
वर मुरूम, मग मांजऱ्या, मग हातभर तांबडा गेरू,
आणि त्याखाली काळा पाषाण,
जो कुणाचंच ऐकत नाही.
मागणी, रोज सत्तर हजार लिटर.
माणसं तेराशे, शाळा धरून.

तीनशे दहा मीटरवर हौसाबाई शिरसाठांची विहीर.
माझ्या नकाशावर निळा ठिपका.
जवळ गेलं की कपारीत पारवे,
आणि वीस गुंठे लसणाला कसंबसं पुरणारं पाणी.

पंप संध्याकाळी सहाला सुरू केला.
आधी दर पाच मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासानं
मी खडू लावलेली टेप आत सोडायचे.
खडू भिजून काळपट होतो, तिथं पाणी.
हौसाबाई बॅटरी धरून उभ्या.
"पितेय ती तिकडं, आणि ओठ सुकतात हिचे,"
म्हणाल्या. रागानं नाही,
दोन सुनांचं सांगावं तसं.

बारा वाजता चार बोटं उतरलं.
तीनला एक वीत.

"सातबाऱ्यावर विहीर आहे माझी."
"आहे."
"आणि पाणी?"
मी टेप गुंडाळत राहिले.
विहिरीची नोंद असते.
पाणी कुठल्याच गटात बसत नाही.

सहाला पंप बंद. आता परत यायचं पाण्यानं.
येताना ते आवाज करत नाही,
नुसता एक दगड कमी दिसतो.
आम्ही कोरा चहा घेत दगड मोजत बसलो.
दुपारपर्यंत आलं सगळं,
तीन बोटं सोडून.

त्या तीन बोटांवर मी आठवडाभर बसले.
नाशिकला, ऑफिसात, पंख्याखाली फाइल फडफडत.
सरपंच छबूताईंचा रोज फोन:
"मॅडम, टँकर येतो तेव्हा पोरी शाळा सोडून रांगेत असतात."
हे खरं होतं.
तीन बोटंही खरी होती.
रकान्यात मात्र एकच खरं मावत होतं,
म्हणून मी मागं पान जोडलं.

परवानगी दिली. रोज पाच तास.
आणि हौसाबाईंच्या विहिरीत, आतल्या अंगाला,
ऑइलपेंटची एक रेघ.
पाणी तिच्याखाली गेलं की गावाचा पंप थांबेल.
दोर बांधून मीच उतरले, रेघ वाकडी आली.
"लक्ष कोण ठेवणार?" छबूताईंनी विचारलं.
"नाहीतरी रोज सकाळी मी तिथं वाकतेच की," हौसाबाई म्हणाल्या.
ठरलं: एक मिस्ड कॉल.
उचलायचा नाही, पैसे कशाला घालवायचे.

वर्षभर फोन गप्प.
मी तो नंबर जवळजवळ विसरले होते.

आज एकवीस एप्रिल, सकाळी सहा दहा.
इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दात घासतेय.
फोन एकदा थरथरला आणि थांबला.

मी पंपावरच्या बाळूला लावला.
"बंद कर."
"मॅडम, टाकी अर्धीच भरलीय."
अर्धी टाकी म्हणजे खालची आळी.
वरची आळी नाही, शाळा नाही,
आणि हौसाबाईंचं घर वरच्या आळीत,
हे मला त्या क्षणी आठवलं.
त्यांना कॉल देताना आठवलंच असणार.

"बंद करू ना?" बाळू पुन्हा विचारतोय.
माझ्या तोंडात फेस,
समोर गंगापूर धरणाचा नळ, पूर्ण सुटलेला.