पार्टी अकराला येणार आहे

मढवी म्हणाला, आधी देव काढा.
वाईट वाटून घेऊ नका ताई,
पण पार्टीला तिचे देव दिसले पाहिजेत
रिकाम्या कोनाड्यात.

मग खिळे. अठ्ठावीस निघाले.
कोपरखैरण्याच्या एवढ्याशा एस.एस. टाइप खोलीत
आम्ही काय काय टांगत होतो कोण जाणे.
तीन कॅलेंडरांचे, एक आरशाचा,
एक आबांच्या हुकाचा,
लाकडी मुठीचा हूक, पोत्यात घालायचा,
मार्केटातून आले की आधी तो भिंतीला
मग पाय धुवायला मोरीत.
बाकीचे कशाचे ते आईनं सांगितलं असतं.
किंवा म्हणाली असती, लागतात गं खिळे.

माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात
बिल्ला, आणि हप्त्यांच्या सगळ्या पावत्या.
रबर वितळून कागदाला चिकटलेलं.
त्या मढवीनं जपून ठेवायला सांगितल्या.
बिल्ल्याबद्दल काही बोलला नाही.

आणि ही भिंत.
बत्तीस वर्षं आबा इथंच टेकून बसले,
कांद्याची धूळ, खोबरेल, घाम,
भिंतीला ताटलीएवढा गोल.
इम्तियाजनं पहिला हात मारला, गेला.
संध्याकाळी परत.
पत्र्यानं खरवडून दुसरा हात,
जेवून येईस्तोवर परत.
तेल मरत नाही दीदी, म्हणाला,
आणि विडी प्यायला खाली गेला.
कपाट सरकवा पुढे, मढवी म्हणाला.
कपाट कालच विकलं होतं.

पुण्याहून दादाचा फोन.
चेकनं किती, रोख किती,
खाली येऊ नकोस.
डागाचं त्याला सांगितलं.
कुठला डाग? म्हणाला.

राहिला मोरीमागचा कोपरा.
उधाणाला तिथं पाझरतं,
आई त्याला अमावास्येचं पाणी म्हणायची
आणि गोणपाट टाकायची.
आता नुसता मिठाचा पापुद्रा होता.
मी विचारलं, पार्टीला सांगायचं का?

मढवी खाली बसला.
पांढरा शर्ट, गळ्यात चेन,
दोन्ही मोबाइल लादीवर ठेवले
आणि तळवा कोपऱ्यात टेकला.
यो पानी खालशी येतं, म्हणाला,
इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या बोलीत.
हितं आमची उघारी व्हती.
आजा फल्या लावाचा भरतीला.

उठला. हात पॅन्टला पुसला,
पुन्हा ब्रोकरसारखा बोलू लागला.
त्याला कोणी सांगितलं नव्हतं ताई
खिळे काढा, डाग पुसा.
सर्व्हेवाला आला, चुन्याची रेघ मारून गेला.
भात उभं होतं.

मी नळ बंद करून आले.
तो बंदच होता.

आबा म्हणायचे, ही जागा आपल्याला सिडकोनं दिली.
पोरांनो, वरणभातासारखी दिली, म्हणायचे.
सिडकोकडे कुठून आली
हे आमच्यात कधी निघालं नाही.
हप्ते मात्र एकही चुकला नव्हता.

मढवी दोन टक्के घेतो, दोन्हीकडून.
दीड करा, असं मी आज म्हणणार होते.
राहून गेलं.

रात्री झाडून घेतलं.
भिंतीला जरा टेकले तर रंग ओला,
केसांना लागला, रॉकेल लावून काढावा लागला.
गोल आहे तसाच आहे.
खिळे कागदात बांधून टाकायला निघाले,
जिन्यातून परत आले,
कोनाड्यात ठेवले.
त्यांनाही काहीतरी टांगायचं असेलच.

झोपताना कॅलेंडर पाहावंसं वाटलं.
ते तर भिंतीवरून उतरवलं होतं,
सुतळीच्या गठ्ठ्यात सापडलं.
उद्या अष्टमी.
भांगाची भरती, खाडी इथवर चढत नाही,
कोपरा दिवसभर कोरडा राहील.

तारीख मढवीनं दिली होती.