बाहेरची कड

बिटको चौकातून जेल रोडला वळताना
पिंपळाखाली बसायचा माझा बाप, आता मी.
लोक तोंड बघून माणूस ओळखतात,
आम्ही तळ बघून.

एस्तेर खरात पहिल्यांदा आली
ती भावाचे बूट घेऊन, दोन नंबर मोठे,
टोकात कोंबलेला चिंध्यांचा बोळा.
लहान करून देता का?
बूट ताणून मोठा होतो पोरी, लहान होत नाही,
बाप म्हणाला,
आणि दिवसभर बसून लहान केला.

शहाऐंशी साल. पोरींची मॅच म्हणजे
मैदानाभोवती बघ्यांचं रिंगण,
खेळापेक्षा चड्डीच्या उंचीवर बोलणारं.
ती बोलत नसे.
डाव्या बुटाची बाहेरची कड मात्र
महिन्याच्या महिन्याला झिजून यायची.
तिथं राग असायचा, मी टाके घालायचो.

पुढे रेल्वेकडून खेळली.
भुसावळ, कटक, मडगाव, कोळीकोड,
ती गावं मला मातीवरून माहीत.
खिळ्यांच्या खाचांत अडकून यायची,
लाल, काळी, एकदा पांढरी रेती.
रापीनं खरवडून मी खाली झटकायचो.
या पिंपळाखाली अर्धा देश पडलाय,
झाडणाऱ्या बाईला काय त्याचं.

पेपरात फोटो आला होता एकदा,
चौथ्या पानावर, कांद्याच्या भावाखाली.
नाव छापलेलं : कु. ईश्वर खरात.
बापानं ते पान गल्ल्यात जपलं, मरेपर्यंत.

मग एका हिवाळ्यात
डाव्याची बाहेरची कड शाबूत आली,
आतली झिजलेली.
गुडघा का गं?
तुला कोणी सांगितलं? मी अजून डॉक्टरला नाही सांगितलं.
दोन टाके जास्तीचे घातले.
ते बूट परत आले नाहीत.

नऊ-दहा वर्षं ती नुसती दिसायची,
पार्सल ऑफिसातून सुटलेली, हातात डबा.
एकदा समोरच चपलेचा पट्टा तुटला तिचा,
तरी आली नाही. पाय ओढत पुढे गेली.
मला लागलं ते.

आणि एके दिवशी गोणी.
कांद्याची, लाल जाळीची.
आत एकतीस बूट. जोड्या लागल्या चौदा,
तीन एकटे उरले.
दसकला नदीकाठी पोरी जमवते म्हणाली,
पेठ-हरसूलकडून बागांच्या कामावर आलेल्या बायांच्या,
वीटभट्टीवरच्या. पाच वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत.
हे एकटे कशाला?
एकाच पायानं मारणाऱ्या असतात की!

फुटबॉल शिकवते, असं ती सांगते.
मी तिच्या स्कूटीची डिक्की बघितलीय :
हवेचा पंप, लोहाच्या गोळ्या,
जन्मदाखल्याचे कोरे अर्ज,
आणि एक लग्नपत्रिका, तारखेवर पेनानं रेघ,
बाजूला लिहिलेलं, आठवीची परीक्षा.

त्या घरी जाऊन बसली होती ती.
तुम्ही कोण पोरीच्या? आजोबांनी विचारलं.
कोच.
शब्द कळेना त्यांना,
म्हणून तीन तास समजावत बसली.
लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं.
चार वर्षं झाली, अजून ढकलतेच आहे.

परवा एक नवीन आणली, जमनी.
बूट नको म्हणे, बुटात जमीन कळत नाही.
माझ्या पोटावर येणारं बोलणं,
पण खोटं कसं म्हणू?
तरी पेपर पसरला, म्हटलं, ठेव पाय.
तिनं डावा ठेवला.
पेन्सिल फिरली तशी गुदगुल्या होऊन हसायला लागली,
एस्तेर रिक्षांकडे बघत उभी.
पावलाची बाहेरची कड दगडासारखी घट्ट.
मी काही बोललो नाही.
तिथं दुहेरी चामडं लावीन.

पैशांचं काढलं की एस्तेर म्हणते, मांड खात्यावर.
खातं बापाच्या हातचं आहे.
पहिली ओळ : खरात, बूट लहान, रुपये,
आणि पुढे त्यानं काहीच लिहिलेलं नाही.