गंजीतली जागा

कडब्याच्या गंजीत आत एक जागा होती,
दोन पेंढ्या ओढल्या की दिसायची,
गुडघे पोटाशी घेतले तर माणूस मावेल एवढी.
ती हैबतीमामानं केली होती,
बेचाळीसच्या दिवाळीत, फौजदार गावात उतरला तेव्हा.
आई त्याला तिथंच भाकरी द्यायची,
वर मिरची, वर पुन्हा कडबा.

पुढच्या साली त्याच जागेत आईनं
लेव्हीचा कारकून बसवला.
हनोख वाक्रूळकर, अलिबागकडचा.
शनवारतेली म्हणायचे त्याला,
शनिवारी चूल पेटवत नव्हता म्हणून.
घाणा त्यानं कधी हाकलाही नसेल.

त्यानं पोलिसांना नावं दिली, असं कुणी म्हणालं.
कुणी, ते अजून ठरलेलं नाही.
पुरावा होता : खोलीच्या चौकटीला ठोकलेली पत्र्याची नळी,
आत सुरळी, सुरळीवर अक्षरं,
मोडी नव्हेत, इंग्रजी नव्हेत,
कुठल्या बाजूनं सुरू होतात तेही कळेना.
जाता-येता तो नळीला बोट लावून बोट ओठाला लावायचा,
हे साऱ्या आळीनं पाहिलेलं.
"खूण हाय ती," मामा म्हणाला.

रात्री सातजण आले.
घर कुणी झडलंच नाही.
मामा सरळ परड्यात गेला
आणि दोन पेंढ्या ओढल्या.

मी आडवी पडले नाही गं, आई मरेपर्यंत सांगायची.
मी म्हणाले, हैबती, चष्मा तरी काढून ठेव त्याचा.
चष्मा काढून ठेवला होता. जपून, उंबऱ्यावर.

तळव्यांवरच्या काठ्या मी अंथरुणात मोजल्या.
मला वीसपर्यंतच येत होतं.
वीस झाले की पुन्हा एकपासून.

ताकारीहून रेल्वेनं मिरज, मिशनचा दवाखाना.
शनिवारी गेला.
पाद्र्यानं आपल्या माणसांत पुरला.

मामाला ताम्रपट मिळाला.
चौदा ऑगस्टला मी तो चिंचेनं घासते.
मामा दोनदा तुरुंगात गेला, गोळी अजून मांडीत आहे,
हे खोटं नाही.
तेही खोटं नाही.

सुरळी आईच्या शेवयांच्या डब्यात होती.
गेल्या साली नातवानं पुण्याला, लाल देवळात नेऊन दाखवली.
पहिला शब्द "ऐक" असा आहे म्हणे.

मामा पंच्याऐंशीचा, कानांनी गेलेला.
मी तोंड कानाशी नेऊन ओरडले :
ऐक, असं लिहिलंय त्यात!
"आं?"
पुन्हा ओरडले. शेजारीण कुंपणाशी आली.
"काय ऐकू?" मामा म्हणाला,
आणि बशी पुढं केली,
चहा ओत म्हणून.