एकोणीस आणे

फोर्टातल्या नाणीवाल्याने भिंग लावलं,
चिठ्ठी उजेडाकडे धरली.
"कागद जाड आहे. कसला?"
लग्नपत्रिकेचा, मी म्हटलं.

बेचाळीसच्या श्रावणात काळाचौकीला
सुटे पैसे दिसेनासे झाले.
ढब्बू पैसासुद्धा कुणी पुरला, कुणी वितळवला.
गिरणीला टाळं, घरटी एक माणूस आत,
आणि प्रेमजीच्या दुकानात पावशेर तांदळाला
मोड कुणाकडेच नाही.

मग एका रात्री कंदिलावर फडकं टाकून
दादांनी खिळे जुळवले:
ही चिठ्ठी आणणारास एक आणा.
रोख. स्वराज्य आल्यावर.
'स्व'चा खिळा झिजलेला.
प्रत्येक चिठ्ठीत राज्य ठळक, स्व पुसट.

कागद मिळेना. सापडली ती
मोडलेल्या एका लग्नाची दोनशे कार्डं,
चार-चार तुकडे केले. म्हणून पाठीमागे
कुठे 'आमचे येथे श्रीकृपेकरून',
कुठे नुसताच 'गोरज',
कुठे 'चि. सौ. कां.' आणि पुढे कात्री.

प्रेमजीने घेतली. कोळशेवाल्याने घेतली.
दूधवाला आधी हुंगायचा, मग घ्यायचा.
पोलीस आले तेव्हा खिळे आपापल्या खणात,
पण दादांच्या नखांत शाई होती.
सात महिने, वरळीला.

सत्तेचाळीसच्या त्या शुक्रवारी
छापखान्याच्या पायरीवर दादा बसले,
पुढ्यात बिस्किटांचा डबा, आण्यांनी भरलेला.
मंडळी आली, पेढे देऊन गेली.
असू द्या हो, आठवण म्हणून ठेवू,
चौकट करू, देवात ठेवू.
डब्याला कुणी हात लावेना.

दुपारी वाइंडिंगमधली चंद्राक्का गवाणकर आली.
कनवटीचं सोडलं: एकोणीस चिठ्ठ्या.
"मोज."
दादांनी मोजले. तिने पुन्हा मोजले.
एक आणा गुळगुळीत होता, तो बदलून घेतला,
आणि चालती झाली.

पुढे कुणी हार घातला की दादा हमखास सांगत:
बाकीच्यांनी आमचं कौतुक केलं.
ती एकटी पैसे मागायला आली.

नाणीवाला म्हणतो, तीन हजार.
त्या एकोणीस असत्या तर बात वेगळी.
त्या त्याच संध्याकाळी चुलीत गेल्या, मी सांगते,
फेडलेली चिठ्ठी ठेवत नाहीत.
मग ही कशी राहिली?

ही आईची. तिखटाच्या डब्यात होती.
सात महिन्यांचा तिचा हिशेब
एका आण्यात मिटणारा नव्हता,
ती त्या पायरीकडे फिरकलीच नाही.

नाणीवाला चिठ्ठी नाकाशी नेतो.