इथं पाणी दमतं

पाणी सेकंदाला पाऊण मीटर धावलं
तर वाळू तळाला बसत नाही.
एवढं एक वाक्य घेऊन मी
सी वॉर्डात एकतीस वर्षं काढली.

केसांचे गुंते, विटांचा चुरा, फणीचे दात,
रात्री कुणीतरी फेकलेली आमटीची मोहरी,
सगळ्याला चालतं ठेवायचं.
उतार द्यायचा, तळ गुळगुळीत घोटायचा,
आणि पाण्याला म्हणायचं, ने.
थांबलं की तुंबलं.
तुंबलं की फोन.

धनजी स्ट्रीटच्या मागची गल्ली.
वर चार मजले सोन्याचे कारखाने,
बंगाली पोरं पाटावर बसून कानस चालवतात,
संध्याकाळी हात धुतात, पाय धुतात,
बनियन पिळतात,
आणि मोरीच्या नळीतून खाली उतरतं
डोळ्याला न दिसणारं पिवळं.

खाली हौसाबाई झारेकरीण.
पहाटे चारला, ब्रश, पत्र्याची पट्टी, घमेलं.
दोन फरश्यांच्या सांध्यातला गाळ
लहान मुलाच्या कानातला मळ काढावा
इतक्या बेतानं काढायची.

एकदा विचारलं. आम्ही दोघं गटाराचीच माणसं,
विचारायला लाज कसली.
"सगळं वाहून जातं, सोनंच कसं मागं राहतं?"
"जड असतं. त्याला घाई नसते."
आणि पाटी अशी हलवली,
आई तांदूळ रोळायची तशी,
माती कडेवरून आपणहून उतरली,
वाळू जरा रुसून, शेवटी गेली,
तळाला एक काळी रेघ
आणि रेघेच्या टोकाला
मोहरीच्या फोलाएवढं काहीतरी.
"आजची भाजी," म्हणाली.

मग नव्या पाइपांचा प्रस्ताव निघाला.
मीच काढला होता.
विटांचं जुनं गटार जाणार, उतार ऐंशीला एक.

हौसाबाई ऑफिसात आली,
चपला दाराबाहेर, पदर दोन्ही खांद्यांवरून.
"नवी नळी घालताय म्हणे."
"हो. आता तुंबणार नाही."
"तेच म्हणते, साहेब.
उतार जरा कमी धरा की."

लोकांनी माझ्याकडे जास्त पाणी मागितलं,
रुंद मोरी मागितली,
शेजाऱ्याच्या मोरीला बूच मागितलं.
संथ पाणी कुणी मागितलं नव्हतं.

मी तिला वेगाचं गणित समजावलं.
कागदावर बाण काढले.
डॉक्टरचं ऐकावं तशी मान हलवत ऐकत राहिली.
"तुमचं बरोबरच असणार," म्हणाली
आणि गेली.
रडली वगैरे नाही.
बाणांचा कागद मात्र घडी घालून घेऊन गेली,
कशाला, कोण जाणे.

मे महिन्यात, रात्रीच्या पाळीत पाइप पडले.
तिसऱ्या चेंबरपाशी तांडेल मुकादम ओरडला,
"तळ खाली बसलाय साहेब, उचलून घेऊ?"
मी दुर्बिणीतून पाहिलं.
दोन बोटं.
दोन बोटांची खाच, तिथं पाणी
क्षणभर दम खाणार.
उचलायला अर्धा तास लागला असता.
मापवहीत लिहिलं: जागेची अडचण.
खाली सही.

ही दया होती असं मला म्हणवत नाही.
पहाटेचे तीन वाजले होते, मीही दमलो होतो.

निवृत्त झालो. मुलुंडला असतो.
परवा भाचीच्या लग्नाचे मणी घ्यायला गेलो
तर तिसऱ्या चेंबरचं झाकण बाजूला,
वाकलेली एक तरणी बाई,
तोच पत्रा, तेच घमेलं.
हौसाबाई?
"सासूबाई गेल्या. दोन दिवाळ्या झाल्या."
एवढ्या गल्लीत इथंच का बसतेस?
"त्याच सांगून गेल्या.
इथं पाणी दमतं."

मी काही बोललो नाही.
म्हणजे एवढंच म्हणालो,
झालं की झाकण नीट बसव.
माणसं पडतात.